घोडा लांब पल्ल्याला तयार आहे का?

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात १९५५ साली ‘टेव्हिस कप’ ही घोडदौड सुरू झाली. अंतर १०० मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर. मुदत २४ तास. चाळीस किलोमीटर सहज जाणारा घोडा एवढा पल्ला झेपवील का? घोडा ‘दमलो’ असे सांगत नाही. अंगात त्राण नसतानाही तो धावत राहतो आणि प्रसंगी प्राण गमावतो. म्हणून त्याच्या शरीरालाच विचारावे लागते.

विश्रांतीत घोड्याची नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४ असते. भरधाव पळताना ती २००च्या वर जाते. पण ती किती चढली यापेक्षा थांबल्यावर किती लवकर उतरली, हे महत्त्वाचे. दौडीतील तपासणी नाक्यांवर ती ठरावीक वेळात बहुधा ६४पर्यंत उतरावी लागते.

आणखी एक चाचणी पाहा. नाडी मोजून घोड्याला सुमारे ३८ मीटर दुडक्या चालीने नेतात व परत आणतात. निघाल्यापासून एक मिनिटाने पुन्हा मोजतात. नाडी पूर्वीइतकीच असेल तर उत्तम; चार-पाच ठोक्यांनी वाढली, तर घोडा थकला आहे किंवा त्याला कोठेतरी दुखत आहे, अशी शंका घ्यावी.

मात्र एवढ्यावर विसंबू नका. सरावाने हृदय व स्नायू काही महिन्यांत कणखर होतात. हाडे व कंडरा यांना त्याहून बराच अधिक काळ लागतो. नाडी ‘हो’ म्हणाली, तरी पायांचे उत्तर येईपर्यंत थांबावे आणि पल्ला हळूहळूच वाढवावा.