डोळा, कान आणि चिकलठाण्याची धावपट्टी

आमच्या महाविद्यालयात विमानविद्या शिकवीत नाहीत, आणि मी मानसशास्त्राचा विद्यार्थी. तेव्हा हा लेख मी कोणत्या अधिकाराने लिहीत आहे, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. अधिकार एवढाच, की गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत सिडकोतल्या एका मित्राच्या घरी, लाकडी खुर्चीवर बसून, मी चिकलठाण्याहून अकरा वेळा उड्डाण केले आणि त्यांपैकी तीन वेळा मला ओकारी आली. उड्डाणाचे कौतुक फार दिवस टिकले नाही. ओकारीचे कुतूहल मात्र टिकले. बारावे उड्डाण माझ्या काकांचे होते. त्याविषयी शेवटी लिहीन.

मित्राच्या धाकट्या भावाला वायुदलात जायचे आहे. आपल्या शहरात 1977 पासून सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट असल्यामुळे येथील मुलांना एन. डी. ए. हे अक्षरत्रय लहानपणापासून पाठ असते. वैमानिकाच्या कलचाचणीत मूल एकदा नापास झाले की पुन्हा त्या चाचणीला बसता येत नाही, हेही पाठ असते. म्हणून त्या घरात संगणक, जॉयस्टिक, टेबलाखाली रडरचे पेडल आणि डोळ्यांवर बांधायचा तो हेडसेट अशी सामग्री जमली आहे. हौस आणि धास्ती यांचे प्रमाण त्यात निम्मे-निम्मे असावे.

हेडसेट म्हणजे पाणबुड्याच्या चष्म्यासारखी एक पेटी. आत प्रत्येक डोळ्यापुढे एकेक छोटा पडदा आणि भिंग असते. दोन्ही पडद्यांवर एकच दृश्य किंचित वेगवेगळ्या कोनांतून दाखवितात, त्यामुळे मेंदूला खोली दिसते. मान वळविली की यंत्राला ते कळते आणि साधारण 20 मिलिसेकंदांच्या आत नवे चित्र पुढे यावे लागते. उशीर झाला तर जग डुलू लागते. आपल्याकडच्या एप्रिलमध्ये भिंगांवर घामाची वाफ धरते, ही अडचण मात्र परदेशी माहितीपुस्तिकेत दिलेली नव्हती.

घरच्या संगणकावर विमान उडविण्याचा छंद जुना आहे. ब्रूस आर्टविक यांच्या कार्यक्रमावरून मायक्रोसॉफ्टने आपला फ्लाइट सिम्युलेटर 1982 साली काढला, तेव्हा विमानाच्या खिडकीबाहेर चार रेघा आणि एक क्षितिज एवढेच दिसे. 2020 साली आलेल्या त्याच्या नव्या आवृत्तीत उपग्रहांच्या छायाचित्रांवरून सारी पृथ्वी उभी केली आहे, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात हेडसेटची सोय झाली. एक्स-प्लेन या दुसऱ्या प्रसिद्ध कार्यक्रमात ती 2018 सालीच आली होती. टेबलावरच्या पडद्यात आणि हेडसेटमध्ये मोठा फरक मानेचा आहे. विमानतळाला वळसा घालून उतरताना वैमानिकाला धावपट्टी बाजूच्या खिडकीतून, खांद्यावरून पाहावी लागते. पडद्यावर त्यासाठी बटण दाबावे लागते; हेडसेटमध्ये मान वळविली की झाले. जमीन किती जवळ आली, नाक केव्हा उचलायचे, याचाही अंदाज पुष्कळ सुधारतो. उलट बाजू अशी, की आपले स्वतःचे हात दिसत नाहीत. मी एकदा विमानाची चाके खाली करायला गेलो आणि चहाचा कप खाली केला.

आता मुख्य मुद्दा. आपल्या अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले की त्यांतला द्रव मागे रेंगाळतो आणि त्यावरून मेंदूला वळण समजते. हेडसेट घालून मी विमान डावीकडे कलविले, की डोळा सांगे, "आपण वळलो", कान सांगे, "आपण खुर्चीत स्वस्थ बसलो आहोत." साक्षी जुळत नाहीत, आणि मळमळ सुरू होते. रीझन आणि ब्रँड यांनी 1975 सालच्या आपल्या ग्रंथात प्रवासातल्या मळमळीची हीच उपपत्ती मांडली आहे. पण साक्षी जुळल्या नाहीत तर पोटाने का रागवावे? ट्रीझमन यांनी 1977 साली एक मजेदार उत्तर सुचविले. डोळा आणि कान यांचे पटेनासे झाले, तर धोतऱ्यासारखे काही विषारी पोटात गेले असावे, असा अर्थ शरीर काढते आणि पोट रिकामे करते. हे मत सर्वमान्य नाही. मला मात्र ते आवडते, कारण माझ्या तीन ओकाऱ्यांना त्यात काही प्रतिष्ठा आहे.

तत्त्वज्ञानाच्या तासाला आपण दोरीवरच्या सापाचे उदाहरण ऐकतो. दोरी कळली की साप नाहीसा होतो. येथे तसे घडत नाही. मी सिडकोत बसलो आहे, समोर कूलर चालू आहे, हे मला पूर्ण ठाऊक असते. तरी विमान कलले की मी जॉयस्टिक घट्ट धरतोच. ज्ञान झाले तरी भ्रम जात नाही. अशा भ्रमाविषयी आपल्या अभ्यासक्रमात फारच थोडे शिकविले जाते.

खऱ्या आकाशात हे प्रकरण नेमके उलटे होते. विमान एकाच गतीने वीसेक सेकंद वळत राहिले, की नलिकांतला द्रव नलिकांच्या वेगाला येऊन मिळतो आणि कान सांगू लागतो, "आपण सरळ चाललो आहोत." वळण थांबविले की तोच कान ओरडतो, "आता उलट वळलो!" कल अगदी हळू वाढत गेला, तर त्याला तो मुळीच कळत नाही. दिवसा, स्वच्छ हवेत, डोळा क्षितिजावरून कानाला दुरुस्त करतो. रात्री किंवा ढगात क्षितिज नसते. मग कृत्रिम क्षितिज दाखविणाऱ्या यंत्रावर विश्वास ठेवायचा आणि स्वतःच्या अंगाचे ऐकायचे नाही, हाच नियम. म्हणजे खोलीत कान खरे बोलतो आणि डोळा फसतो. आकाशात कान फसवितो आणि डोळ्याने त्याला वाचवायचे असते.

त्या डोळ्यापुढचे यंत्रच बिघडले तर? याचे उत्तर मुंबईच्या समुद्रात आहे. 1 जानेवारी 1978 च्या रात्री एअर इंडियाचे सम्राट अशोक हे बोइंग 747 सांताक्रूझहून दुबईस निघाले. समुद्रावर येऊन ते उजवीकडे वळले आणि पुन्हा सरळ झाले. परंतु मुख्य वैमानिकासमोरचे कृत्रिम क्षितिज बिघडल्यामुळे विमान उजवीकडे कललेलेच दाखवीत राहिले. तो कल काढण्यासाठी त्यांनी विमान डावीकडे झुकविले, आणखी झुकविले, आणि उड्डाणानंतर दोन मिनिटेही झाली नव्हती तोच ते वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. 213 जण होते. एकही वाचला नाही. कॉकपिटमध्ये कृत्रिम क्षितिजे तीन होती. त्यांपैकी एक चुकले होते. खाली काळा समुद्र, वर काळे आकाश; बाहेर पाहून खात्री करून घ्यायला काही नव्हते, आणि आतल्या तीन साक्षीदारांची तुलना करायला काही सेकंदच होते.

न्यायदर्शनात प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे सांगितली आहेत. यंत्रावरचा काटा पाहून विमान कलले आहे असे म्हणणे, हे धूर पाहून अग्नी म्हणण्यासारखे अनुमान आहे. सहवैमानिकाने सांगितलेले ऐकणे हे शब्दप्रमाण. परीक्षेत या चारांचा क्रम लिहून दहा गुण मिळतात. त्या रात्री प्रमाणे एकमेकांविरुद्ध उभी होती, आणि कोणाचे मानायचे हा प्रश्न 213 माणसांचा होता.

हे सारे माहीत असल्यामुळेच सरावाच्या यंत्रात नुसता डोळा पुरत नाही, अंगही हलवावे लागते, हे जुन्या लोकांनी ओळखले होते. अमेरिकेतल्या एडविन लिंक यांच्या वडिलांचा ऑर्गन व पियानोचा कारखाना होता. आपल्या पेटीला जसा भाता असतो तशाच भात्यांवर त्यांनी 1929 साली एक छोटे लाकडी विमान बसविले. ते जागच्या जागी वळे, कले, डोलावे. प्रथम त्याला गिऱ्हाईक मिळाले ते करमणुकीच्या बागांतून. 1934 साली टपाल वाहून नेण्याचे काम अमेरिकेच्या लष्करी वैमानिकांवर आले आणि खराब हवेत त्यांपैकी अनेक जण मेले, तेव्हा लष्कराने ती पेटी विकत घेतली. वरचे झाकण लावून विद्यार्थ्याला आत अंधारात बसवीत आणि यंत्रे वाचायला लावीत. युरोपच्या विमानसुरक्षा संस्थेने एप्रिल 2021 मध्ये हेडसेटवर चालणाऱ्या पहिल्या प्रशिक्षणयंत्राला मान्यता दिली, ते रॉबिन्सन आर-22 या हेलिकॉप्टरचे. आणि त्यातही हेडसेटच्या जोडीला हलणारी बैठक आहेच. आमच्या लाकडी खुर्चीला ती मान्यता मिळण्याचा संभव नाही. तेथे घालविलेले तास वैमानिकाच्या नोंदवहीत चढत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

मग त्या मुलाने हेडसेट फेकून द्यावा काय? मला तसे वाटत नाही. यंत्रांवरून नजर क्रमाने फिरविणे, उतरताना कोणते काम आधी आणि कोणते नंतर, धावपट्टी कोणत्या कोनातून कशी दिसते, हे तो खुर्चीत बसून शिकतो, आणि चांगले शिकतो. कान खोटे बोलतो म्हणजे काय, हे मात्र त्याला तेथे कधीच कळणार नाही. उलट, काही दिवसांनी मळमळ थांबते, म्हणजे कानाकडे दुर्लक्ष करायची सवय लागते, आणि त्यालाच तो आपले कसब समजू लागतो. मला भीती वाटते ती या समजुतीची.

राहिले काकांचे उड्डाण. 26 एप्रिल 1993 रोजी दुपारी दिल्लीहून जयपूर, उदयपूर करीत आलेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग 737 औरंगाबादहून मुंबईस निघाले. पूर्वेकडे धावताना त्याचे नाक उशिरा उचलले गेले. धावपट्टीच्या टोकापलीकडच्या रस्त्यावरून कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक चालला होता. विमानाचे डावे चाक आणि इंजिन त्याला धडकले. पुढे ते विजेच्या तारांत अडकून पडले आणि पेटले. 118 पैकी 55 जण गेले. चौकशीत वैमानिकांच्या चुकीबरोबरच उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक न रोखल्याचाही दोष नोंदला गेला. काका तेव्हा चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला होते. धूर पाहून ते सायकलवरून तिकडे गेले होते, एवढेच आम्हा मुलांना माहीत. पुढचे ते बोलत नाहीत, आणि विमानात ते आजवर बसलेले नाहीत.

मित्राकडे त्यांना मी सहज घेऊन गेलो होतो. हेडसेट त्यांनी स्वतःच मागितला. जॉयस्टिक मित्राच्या हातात होती, विमान लहान सेस्ना 172, दिशा पूर्व. असले हलके विमान अर्धी धावपट्टी संपायच्या आतच उचलते, हे मी त्यांना आधी सांगितले होते. तरी टोक जवळ आले तेव्हा काकांनी दोन्ही पाय जमिनीवरून वर घेतले. रस्ता बराच खाली होता.

"पुन्हा लाव," ते म्हणाले.

दुसऱ्या वेळी पाय हलले नाहीत. विमान वर गेले तशी त्यांनी मान वळविली, मग खांदा वळविला, आणि मागच्या खिडकीतून खाली पाहत राहिले. "काका, मजा पुढे आहे, समोर बघा," मित्र म्हणाला. मी त्याला खूण करून गप्प केले. रस्ता दिसेनासा होईपर्यंत काका तसेच बसले होते. मग हेडसेट काढून त्यांनी रुमालाने त्याची भिंगे पुसली आणि पाणी मागितले. मळमळले का, हे मी विचारले नाही.