आधी ताटाचा भाव विचारा, मग खोलीचा

दापोली, गुहागर, हरिहरेश्वर या पट्ट्यात ‘घरगुती राहण्या-जेवणाची सोय’ अशी पाटी जागोजागी दिसते. पुढे खानावळ, मागे नारळी-पोफळीत चार-सहा खोल्या. फोन करणारे बहुतेक जण खोलीचं भाडं तेवढं विचारतात. बिल मात्र फुगतं ते जेवणावर.

आई-वडील, दोन मुलं आणि एक मुक्काम असा हिशेब मांडू. भाव ठिकाणाप्रमाणे वरखाली होतील. बिगर-एसी खोली २,००० रुपये, दोन जादा गाद्यांचे ६००. राहण्याचे झाले २,६००. रात्री ४५० च्या दोन सुरमई थाळ्या आणि मुलांना १८० च्या दोन शाकाहारी, म्हणजे १,२६०. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेवढेच. नाश्ता २८०, चहा १६०. खाण्याचे २,९६०, खोलीहून जास्त!

मेनूकार्डावर पापलेटपुढे ‘साइझप्रमाणे’ लिहिलेलं असेल, तर मासा तव्यावर जाण्याआधी बघून घ्या आणि रुपयांत आकडा ठरवा. थाळीत भाकरी किती, भात आणि सोलकढी दुसऱ्यांदा घेतली तर पैसे पडतात का, हेही तेव्हाच विचारा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या काळात मिळणारी सुरमई बहुधा बर्फातली असते. तिला ताज्याचा भाव देऊ नका. खाडीची मासळी किंवा सुकटीची चटणी मागा, पावसात तीच खरी चव.

साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे, जेवणावरही ५ टक्केच. पण वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असलेल्या छोट्या घरांना नोंदणी सहसा लागत नाही, आणि नोंदणी नसेल तर जीएसटी लावताच येत नाही. बिलावर जीएसटी क्रमांक बघा. सेवाशुल्क ऐच्छिक आहे. काढून द्यायला नकार मिळाला, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात भाडं बरंच चढतं. आगाऊ रक्कम भरण्याआधी, रद्द केल्यास किती परत मिळेल ते व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगावं लागतं, आणि भाव नगावर असतो.