घरमालक दुबईला गेले आणि टीडीएस माझ्या गळ्यात पडला

मागच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, अनिवासी म्हणजे परदेशी नागरिक ना?" नाही. माझाही हाच समज होता आणि तो मला महागात पडला.

माझ्या दुकानाचं भाडं महिना २०,००० रुपये. मालक इथलेच, भारतीय पासपोर्टवाले. त्यांनी दुबईत नोकरी धरली आणि ऑगस्टमध्ये गेले. मी भाडं पूर्वीसारखं त्यांच्या खात्यात टाकत राहिलो. मार्च संपल्यावर सीएंनी सहज विचारलं, "मालक असतात कुठे?" मी म्हटलं दुबईला. त्यांनी पेनच खाली ठेवलं.

झालं असं. आयकर खातं पासपोर्टचा रंग बघत नाही, दिवस मोजतं. आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात राहिलात तर निवासी. दुसरी कसोटी म्हणजे त्या वर्षी ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस. पण नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला हे ६० दिवस लागू होत नाहीत, तिथेही १८२ च धरतात. (मोठ्या उत्पन्नवाल्यांना आणखी अटी आहेत, त्या सीएंना विचारा.) आमचे मालक एप्रिल ते ऑगस्ट इथे होते, पण १८२ भरले नाहीत. म्हणजे ते त्या पूर्ण वर्षासाठी अनिवासी. तेच नोव्हेंबरमध्ये गेले असते तर करापुरते त्या वर्षी निवासीच राहिले असते!

निवासी मालकाला २०,००० भाडं देताना माझ्यासारख्या छोट्या दुकानदाराला टीडीएस कापावा लागत नाही. अनिवासी मालक असला की किमान मर्यादाच नाही. ३० टक्के, त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२ टक्के. महिन्याला ६,२४० कापायचे आणि हातात १३,७६० द्यायचे. वर्षाचा हिशोब ७४,८८०. न कापल्याची जबाबदारी भाडं देणाऱ्यावर, म्हणजे माझ्यावर. नशीब चांगलं, मालकांनी स्वतःचं रिटर्न भरून कर भरला होता. त्यांच्या सीएचा दाखला मिळाला म्हणून मुद्दल वाचली, व्याज मात्र भरावं लागलं.

आता गंमत बघा. फेमा, म्हणजे १९९९ चा परकीय चलन व्यवस्थापन कायदा, वेगळं बोलतो. तिथे माणूस कशासाठी गेला याला महत्त्व. नोकरीसाठी गेला की गेल्यापासूनच अनिवासी, १८२ दिवसांची वाट बघायची नाही. त्याचं साधं बचत खातं एनआरओ करून घ्यावं लागतं. म्हणजे एकच माणूस एकाच दिवशी एका कायद्यात निवासी आणि दुसऱ्यात अनिवासी असू शकतो.

कंपनीचं गणित आणखी वेगळं. भारतात नोंदवली की ती भारतीय कंपनी, शेअर कोणाचेही असोत. हिंदुस्तान युनिलिव्हरचे निम्म्याहून जास्त शेअर ब्रिटनच्या युनिलिव्हरकडे आहेत, तरी आयकरात ती भारतीयच. परकीय गुंतवणुकीचे नियम मात्र मालकी आणि ताबा कोणाचा ते बघतात.

हे आपल्या कामाचं कुठे? समजा अमेरिकेतला तुमचा अनिवासी भारतीय चुलतभाऊ तुमच्या प्रायव्हेट लिमिटेडमध्ये पैसे घालतोय. पैसे परत बाहेर न नेण्याच्या अटीवर घातले तर ती देशांतर्गत गुंतवणूक धरतात. परत नेण्याची मुभा हवी असेल तर ती परकीय गुंतवणूक, आणि शेअर दिल्यापासून ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेकडे एफसी-जीपीआर फॉर्म भरायचा. भाऊ तोच, पैसे तेच! त्यामुळे पैसे खात्यात येण्याआधीच भावाला विचारून घ्या. नात्यात असं विचारायला अवघड वाटतं, मला माहीत आहे.

मी आता भाडेकरारात एक ओळ घालतो: मालकाचा निवासी दर्जा बदलला तर १५ दिवसांत लेखी कळवायचं. आमच्या मालकांनी कमी दराने कपातीचा दाखलाही आयकर खात्याकडून काढलाय. तो कसा काढतात ते पुढच्या व्हिडिओत दाखवतो. तोवर तुमच्या करारातला मालकाचा पत्ता आज खरा आहे का, तेवढं एक फोन करून विचारा.