धोक्यात कोणी घातलं, ते आधी बघ

भाषांतराच्या कामाला लागलीस, फार बरं झालं. इतकी वर्षं कोर्टाची कागदपत्रं मराठीतून इंग्रजीत नेताना जे हाताला लागलं, त्यातलं थोडं तुला देते. आपल्याकडे ‘धोक्यात घालणे’ म्हटलं की भागतं. इंग्रजीत त्या जागी एन्डेंजर, जेपर्डाइज, रिस्क, इम्पेरिल, थ्रेटन असे पाच-सात शब्द आहेत. शब्दकोशात ते एका ओळीत छापलेले असतात, म्हणून त्यातला कुठलाही उचलू नकोस. धोक्यात पडलंय ते काय आणि ते तिथे घालणारा कोण, हे दोन प्रश्न आधी विचार.

माणसाच्या जिवाचा प्रश्न असेल तर एन्डेंजर. फिर्यादीत ‘हयगयीने व अविचाराने वाहन चालवून’ असं पदोपदी वाचशील. जुन्या दंड संहितेच्या कलम 279 आणि 336 मध्ये त्यापुढे एन्डेंजर हाच शब्द होता. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या कलम 281 आणि 125 मध्येही तोच आहे. तिथे भाषा नटवायला इम्पेरिल लिहू नकोस, तो भाषणात आणि अग्रलेखात शोभतो. ‘अविचार’ म्हणजे रॅश आणि ‘हयगय’ म्हणजे नेग्लिजंट. मुळात दोन्ही असतील तर दोन्ही ठेव. पहिल्यात धोका दिसत असून माणूस पुढे जातो, दुसऱ्यात घ्यायची ती काळजी घेत नाही.

क्रियापदाच्या आजूबाजूचे शब्द किती मोलाचे असतात, ते रेल्वे कायद्यात बघ. 1989 च्या या कायद्यात कलम 153 आणि 154 शेजारी शेजारी आहेत, दोन्हीत प्रवाशांची सुरक्षा आणि दोन्हीत एन्डेंजर. पण पहिल्यात बेकायदा कृत्याने किंवा जाणूनबुजून केलेल्या कसुरीने सुरक्षा प्रत्यक्ष धोक्यात आणलेली असते, म्हणून पाच वर्षांपर्यंत कैद. दुसऱ्यात अविचाराने आणि हयगयीने केलेल्या कृत्यामुळे ती धोक्यात येण्याचा संभव पुरतो, तिथे कैद एक वर्षापर्यंत. ‘लाइक्ली टू’ हे दोन शब्द गाळलेस, तर वाचणाऱ्यापुढे भलताच गुन्हा उभा राहील.

जेपर्डाइज हा बेत, नोकरी, तडजोडीची बोलणी, खटल्याचा निकाल असल्या गोष्टींसाठी. ‘साक्षीदार फुटल्याने खटला धोक्यात आला’ इथे तो चपखल बसतो. त्याचं मूळ खेळातलं आहे, जुन्या फ्रेंचमध्ये ‘बरोबरीत अडकलेला डाव’. म्हणून आपलं ‘पणाला लावणे’ त्याच्या जागी बसेल असं वाटतं, पण बसत नाही. पणाला लावणारा समजून-उमजून लावतो, जेपर्डाइज मात्र नकळतही होतं. अमेरिकी कोशकार वेबस्टरने 1828 च्या कोशात हा शब्द निरुपयोगी ठरवला होता, तरी तो टिकला. एक अपवाद लक्षात ठेव. अमेरिकी राज्यघटनेच्या पाचव्या दुरुस्तीत जेपर्डी हा शब्द जिवासाठीच आला आहे. तिथूनच वकिलांच्या तोंडी ‘डबल जेपर्डी’ रुळलं आणि आपल्या घटनेच्या कलम 20(2) बद्दल बोलतानाही ते तेच म्हणतात.

आता रिस्क. हा शब्द वापरताना हात आखडता घे. ज्याने धोका पत्करला तोच त्या वाक्याचा कर्ता होतो. आगीत शिरून लेकरू बाहेर काढणारा अग्निशमन दलाचा जवान जिवावर उदार होतो, तिथे ‘रिस्क्ड हिज लाइफ’ शंभर टक्के खरं. पण मॅनहोलमध्ये उतरवलेल्या कामगाराची बातमी घे. ‘जीव धोक्यात घालून कामगार गटारात उतरले’ असं मराठीत सर्रास छापतात आणि भाषांतर करणारा इंग्रजीतही तेच रिस्क लिहितो. त्या वाक्यात ठेकेदार कुठेच उरत नाही. ना मास्क दिला, ना दोर, आत विषारी वायू आहे का हे तपासलं नाही, आणि वाक्य म्हणतं धोका कामगाराने घेतला. मला हे सहन होत नाही. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा 2013 चा कायदा काढून वाच. कलम 7 ने गटार आणि सेप्टिक टँकची ‘हॅझर्डस’ सफाई करवून घ्यायला मनाई केली आहे. त्या शब्दाची व्याख्याच अशी आहे की मालकाने संरक्षक साधनं आणि यंत्रं दिली नाहीत, सुरक्षेची खबरदारी घेतली नाही आणि माणसाला हाताने काम करावं लागलं, तर ती सफाई हॅझर्डस. म्हणजे कायद्याने बोट मालकाच्या कर्तव्याकडे दाखवलं आहे. तुझ्या वाक्यातही ते तिथेच राहू दे. ‘ठेकेदाराने कामगारांचे जीव धोक्यात घातले’ असं मांड आणि एन्डेंजर्ड लिही. मूळ मराठी वाक्यातच कर्ता नसेल तर तो स्वतःच्या मनाने घालू नकोस, पण लिहिणाऱ्याला फोन करून विचार.

वन्यजीवांच्या अहवालात थ्रेटन्ड दिसलं की अहवाल कोणाचा ते पाहा. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत व्हल्नरेबल, एन्डेंजर्ड आणि क्रिटिकली एन्डेंजर्ड या तिन्ही पायऱ्या मिळून थ्रेटन्ड. आपला माळढोक त्यातल्या शेवटच्या पायरीवर आहे. अमेरिकेच्या 1973 च्या संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्यात मात्र थ्रेटन्ड ही एन्डेंजर्डच्या खालची वेगळी पायरी आहे.

उलट्या दिशेने, म्हणजे इंग्रजीतून मराठीत येताना कॉम्प्रमाइजला जप. ‘पासवर्डशी तडजोड झाली’ असं छापून येतं. तिथे पासवर्ड दुसऱ्याच्या हाती लागला, असं सरळ लिही. पुलाची सुरक्षा कॉम्प्रमाइज झाली असेल, तर पूल धोकादायक झाला. इम्युनोकॉम्प्रमाइज्ड रुग्ण म्हणजे ज्याची प्रतिकारशक्ती खालावली आहे तो.