शब्दओळख : ‘औषध’



‘औषध’ हा शब्द आपल्या तोंडी रोज असतो. आजाऱ्याचे आपण औषधपाणी करतो. एखादी वस्तू मिळेनाशी झाली की ‘औषधालाही सापडत नाही’ म्हणतो. शेतावर कीड मारायला फवारतात तेही औषधच. आणि ‘अमक्याने औषध घेतले’ असे कुणी हळू आवाजात सांगितले की काळजात धस्स होते. जीव वाचवणाऱ्या आणि जीव घेणाऱ्या वस्तूला आपण एकाच नावाने हाक मारतो.

नव्या कराराच्या ग्रीक भाषेतही असेच आहे. ‘फार्माकॉन’ म्हणजे औषध आणि विषसुद्धा. आपला ‘फार्मसी’ हा शब्द त्याच कुळातला. त्याच कुळातला ‘फार्माकिया’ हा शब्द संत पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात (५:२०) देहाच्या कर्मांच्या यादीत घातला आहे. तेथे त्याचा अर्थ चेटूक असा आहे. मंतरलेले पाणी, गंडेदोरे, उतारे हेदेखील काही जण ‘औषध’ म्हणूनच घरी आणतात. म्हणून नुसत्या नावावर जाऊ नये.

मग खरे औषध कोणते? संस्कृतात ‘ओषधि’ म्हणजे वनस्पती. तिच्यापासून होते ते औषध. जुन्या करारातील बेन सिराच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय हेच सांगतो. औषधे परमेश्वराने भूमीतून निर्माण केली आहेत, शहाण्या माणसाने ती तुच्छ मानू नयेत, अशी तेथे शिकवण आहे. आजारी पडल्यावर प्रार्थना करावी, पापापासून दूर व्हावे आणि वैद्यालाही त्याची जागा द्यावी, असा क्रम ग्रंथकाराने लावून दिला आहे. यात प्रार्थना आणि वैद्य एकमेकांच्या आड येत नाहीत.

हिज्कीया राजाचे उदाहरण पाहा (२ राजे २०). तो मरणाच्या दारात होता. त्याने रडून प्रार्थना केली. देवाने ती ऐकली व त्याचे आयुष्य १५ वर्षांनी वाढवले. तरीही यशया संदेष्ट्याने गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितला. देवाचे वचन मिळाले म्हणून लेप अनावश्यक ठरला नाही.

आपल्या घरांत मात्र दोन टोके दिसतात. कुणी प्रार्थनासभेहून आल्यावर मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या परस्पर बंद करतो. गोळ्या घेणे म्हणजे विश्वास कमी असणे, असे त्याला वाटते. कुणी सगळे दवाखाने पालथे घालतो आणि धर्मगुरूंची आठवण आजारी माणसाची शुद्ध हरपल्यावर काढतो. संत याकोब (५:१४) आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे असे सांगतो. त्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना करावी व तेल लावावे. रुग्णाभ्यंग हा केवळ मरणोन्मुखांसाठी नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली स्पष्ट केले. गंभीर आजार किंवा म्हातारपणामुळे धोका जाणवू लागला, की हा संस्कार घ्यावा. आजाऱ्याला स्वतः ‘आमेन’ म्हणता यावे, इतक्या लवकर बोलवावे.

आपण म्हणतो, ‘स्वभावाला औषध नाही.’ अंत्युखियाचे संत इग्नाती यांनी इ.स. १०७ च्या सुमारास, हौतात्म्यासाठी रोमला नेले जात असताना, इफिसकरांना पत्र लिहिले. त्यात त्यांनी मिस्सातील मोडलेल्या भाकरीला अमरत्वाचे औषध म्हटले आहे. राग, हेवा, जुने वैर ही दुखणी घेऊन आपण दर रविवारी त्याच भाकरीजवळ येतो. औषध एकदा घेऊन भागत नाही, ते नियमाने घ्यावे लागते आणि पथ्यही पाळावे लागते. मिस्साला येण्यापूर्वी भावाशी समेट करणे हे त्यातले पहिले पथ्य.

कुटुंबात चिंतनासाठी : आपल्या घरी किंवा शेजारी कोण आजारी आहे? त्याची औषधे वेळेवर होतात का? आणि धर्मगुरूंना कळवले आहे का?