त्रिनिदादमध्ये मुक्काम कुठे करावा?

प्रश्न : एप्रिलमध्ये आम्ही दोघे त्रिनिदादला जाणार आहोत. राहायला राजधानी बरी की समुद्रकिनारा?

उत्तर : रात्री विभागून घ्याव्यात. पोर्ट ऑफ स्पेनचे 1962 सालचे हिल्टन हॉटेल टेकडीच्या उतारावर आहे. स्वागतकक्ष सर्वांत वर, खोल्यांकडे लिफ्टने खाली उतरायचे! येथून संध्याकाळी कॅरोनीची दलदल होडीतून पाहता येते. सूर्यास्ताला लालभडक आयबिस पक्षी खारफुटीवर उतरतात आणि हिरवी झाडे पांगाऱ्यासारखी फुललेली दिसतात.

मात्र सर्वांत मोलाच्या दोन रात्री उत्तर किनाऱ्यावरच्या ग्रांद रिव्हिएर गावासाठी राखाव्यात. मार्च ते ऑगस्टमध्ये लेदरबॅक कासविणी तिथे अंडी घालायला येतात. आपल्या कोकणातल्या वेळासची ऑलिव्ह रिडले कासवीण साधारण चाळीस किलोंची. ही कित्येकदा तीनशे किलोंच्याही पुढे! लहान हॉटेले वाळूला लागूनच आहेत. रात्री किनाऱ्यावर परवाना आणि वाटाड्या घेऊनच जावे. फ्लॅश पूर्ण बंद.

वॉटरलूचे समुद्रातले मंदिर चुकवू नये. साखर कंपनीच्या जमिनीवर बांधलेले पहिले मंदिर पाडले गेले, बांधणाऱ्या सिवदास साधूंना तुरुंगवास झाला. मग या ऊसमजुराने सायकलवरून दगड वाहून समुद्रातच भराव घातला. पंचवीस वर्षे, एकट्याने.