गुंगीच्या आमिषाने रानबदके पकडणे कितपत सुरक्षित?

चेन्नईपासून सुमारे ७५ किलोमीटरवरील वेदांथंगल तलावातील पक्ष्यांना तेथील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जपत आले आहेत. विष्ठेने समृद्ध झालेले तलावाचे पाणी भातास खताप्रमाणे उपयोगी पडते. सर्वच पाणथळ भागांत असे सख्य नसते. भातावर उतरणारी बदके गुंगीचे दाणे घालून, न मारता पकडावीत काय, असा प्रश्न म्हणूनच विचारला जातो.

अमेरिकेत प्रशिक्षित शासकीय कर्मचारी मका किंवा पावातून अल्फा-क्लोरॅलोज देऊन बदके, हंस व वारकरी पक्षी पकडतात. मात्रा पक्ष्याच्या वजनावर ठरते आणि खरी अडचण येथेच आहे. विखुरलेल्या दाण्यांपैकी कोणता पक्षी किती टिपेल, हे आपल्या हाती नसते. अधिक खाणारा दगावतो. अर्धवट गुंगलेला पाण्यात शिरून बुडतो. शरीराचे तापमानही घटते. म्हणून आधी साधे दाणे टाकून पक्ष्यांची संख्या पाहतात, उरलेले आमिष वेचून घेतात आणि पक्षी पूर्ण सावध होईपर्यंत, प्रसंगी दिवसभर, कोरड्या उबदार जागी ठेवतात.

आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्य पक्ष्यास पकडणे वा आमिष लावणे हीदेखील ‘शिकार’च होय. संशोधकांनाही रीतसर परवानगी लागते. पायात कडी घालण्यासाठी ते बहुधा जाळी वापरतात. कार्बोफ्युरान लावलेले दाणे तर निव्वळ विष. त्यांस गुंगीचे औषध समजू नये.

बांधावर सुस्त वा मृत पक्षी आढळल्यास हात न लावता वनविभाग व पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावे. कारण विषबाधेऐवजी बर्ड फ्लूही असू शकतो.